‘टू’ परक्या भाषेत नेताना: इंदूरच्या मराठी मंडळींसाठी

रिक्षावाल्याला विचारायचं तर ‘भिया, राजवाड़ा चलोगे?’ घरी फोनवर सांगायचं तर ‘राजवाड्यावर चाललोय.’ ऑफिसच्या ग्रुपवर तेच ‘गोइंग टू राजवाडा’. जागा तीच, जाणंही तेच. पण हिंदीत नावाच्या मागे काहीच नाही, मराठीत ‘वर’ आणि इंग्रजीत ‘टू’.

इंदूरच्या मराठी घरातलं पोर ही तिन्ही वाक्यं न अडखळता बोलतं. अडचण येते ती जर्मन किंवा जपानीच्या क्लासला गेल्यावर, किंवा एखाद्या ॲपच्या भाषांतराचं काम हाती आल्यावर. तेव्हा कोश उघडला जातो, ‘टू’पुढे पाच-सात शब्द दिसतात आणि त्यातला पहिला उचलला जातो. बहुतेक चुका इथेच होतात.

खाली दिलेली पद्धत याच्या उलट आहे. ‘टू’ला प्रतिशब्द शोधायचाच नाही. वाक्य आधी मराठीत करायचं, कोणता प्रत्यय आला ते बघायचं आणि तिथून पुढच्या भाषेत जायचं. मराठी ही इंग्रजीपेक्षा बारीक चाळणी आहे. गाव, खोली, माणूस, दिशा, मर्यादा हे इंग्रजी एकाच ‘टू’त कोंबते, मराठी ते आधीच वेगळं करून देते.

पायरी १: आठ वाक्यांचं पान

वहीत दर भाषेला एक पान द्या. डावीकडे ही आठ वाक्यं लिहा. ती बदलू नका, म्हणजे भाषा एकमेकींशी ताडून बघता येतील.

१. मी इंदूरला जातो. (गाव)
२. मी शाळेत जातो. (बंदिस्त जागा, संस्था)
३. मी राजवाड्यावर जातो. (चौक, उघडी जागा)
४. मी डॉक्टरांकडे जातो. (माणूस)
५. मी घरी जातो. (घराचं प्रकरण सगळीकडे वेगळं असतं)
६. मी सियागंजकडे वळतो. (नुसती दिशा, पोचायची हमी नाही)
७. मी पलासियापर्यंत चालत जातो. (मर्यादा)
८. मी आईला किल्ली देतो. (घेणारा)

चौथ्या आणि सहाव्या वाक्यात ‘कडे’ दोनदा आलं आहे, ते नीट बघून ठेवा. माणसामागे लागलं की ‘कडे’ म्हणजे मुक्काम. जागेमागे लागलं की बहुतेकदा नुसती दिशा. मराठीची चाळणी इथे जाड आहे. म्हणून ‘कडे’ दिसलं की आधी स्वतःला विचारायचं: मागे माणूस आहे की जागा?

पायरी २: आधी स्वतःची मराठी तपासा

ही पायरी पुण्याच्या माणसाला कदाचित लागणार नाही, इंदूरच्याला हमखास लागते. हिंदीत ‘इंदौर जाना’, ‘पुणे जाना’ असं गावाचं नाव कोरंच राहतं. त्या सवयीने ‘मी पुणे जातोय’ असं निघून जातं. तसंच ‘उसको बोल’ वरून ‘त्याला बोल’. प्रमाण मराठीत ‘त्याला सांग’ किंवा ‘त्याच्याशी बोल’. ‘त्याला बोललो’ म्हणजे त्याला रागावलो. घरात काहीही चालू द्या, पण चाळणी म्हणून वापरायची मराठी स्वच्छ हवी, नाहीतर आठही वाक्यं हिंदीच्याच चालीने पुढच्या भाषेत उतरतील.

हिंदी आणि गुजरातीचं पानही एकदा भरून टाका. हिंदीत गावाला काही नाही, माणसाकडे जायला ‘के पास’, दिशेला ‘की तरफ’ किंवा ‘की ओर’, मर्यादेला ‘तक’, घेणाऱ्याला ‘को’. गुजरातीत ‘अमदावाद जाउं छुं’ कोरं, पण ‘घरे जाउं छुं’मध्ये ‘ए’. माणसाला ‘पासे’, मामाच्या घरी जायचं तर ‘मामाने त्यां’, दिशेला ‘तरफ’, मर्यादेला ‘सुधी’. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पद्धत हातात बसते.

पायरी ३: तीन रकाने काढा – जातो, आहे, येतो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने करा. मराठीत ते असे भरतात:

इंदूरला – इंदूरला – इंदूरहून
शाळेत – शाळेत – शाळेतून
राजवाड्यावर – राजवाड्यावर – राजवाड्यावरून
डॉक्टरांकडे – डॉक्टरांकडे – डॉक्टरांकडून
घरी – घरी – घरून

पहिला आणि दुसरा रकाना एकसारखा आहे. मराठीला ‘शाळेत जातो’ आणि ‘शाळेत आहे’ यांत प्रत्ययाने फरक करावासा वाटत नाही. फरक क्रियापद दाखवतं. म्हणून मराठी माणूस जिथे पहिल्या झटक्यात चुकतो त्या भाषा ठरलेल्या आहेत: ज्या भाषा या दोन रकान्यांत फरक करतात त्या.

जर्मनमध्ये ‘इन’ हा शब्द दोन्हीकडे तोच, पण पुढची विभक्ती बदलते. ‘इन दी शूले’ म्हणजे शाळेत (जातो), ‘इन देअर शूले’ म्हणजे शाळेत (आहे). जाण्याला द्वितीया, असण्याला चतुर्थी. रशियनमध्येही असंच: ‘व श्कोलू’, ‘व श्कोले’, ‘इज श्कोली’. तुर्कीत तीन वेगळे प्रत्यय: ‘ओकुला’, ‘ओकुलदा’, ‘ओकुलदान’. स्पॅनिशमध्ये जाण्याला ‘आ’, असण्याला ‘एन’. तमिळमध्ये ‘चेन्नैक्कु’ जायचं आणि ‘चेन्नैयिल’ असायचं.

उलट फ्रेंच आणि स्वाहिली इथे मराठीच्याच चालीच्या. पॅरिसला जा किंवा पॅरिसला असा, फ्रेंचमध्ये दोन्हीकडे ‘आ पारी’. स्वाहिलीत ‘न्युंबानी’ म्हणजे घरी, जाताना आणि असतानाही. या दोन भाषांत तुमचा मराठी कान चुकवत नाही.

जपानी मध्येच उभी आहे. ‘नि’ जायलाही चालतो आणि असायलाही, म्हणून सुरुवातीला सोपं वाटतं. पण त्या जागी काही *करायचं* असेल, वाचायचं, जेवायचं, खेळायचं, तर ‘दे’ लागतो. ‘शाळेत आहे’ला ‘नि’ आणि ‘शाळेत जेवतो’ला ‘दे’. मराठीत दोन्ही ‘त’, त्यामुळे हा फरक ऐकून कळत नाही, पान भरूनच कळतो. जपानी पानावर म्हणून चौथा रकाना काढा.

पायरी ४: माणूस आला की थांबा

आठ वाक्यांतलं चौथं वाक्य सगळ्यात उपयोगी. माणूस ही जागा नव्हे, हे बहुतेक भाषांना टोचतं आणि प्रत्येक भाषा त्यावर आपापला तोडगा काढते.

फ्रेंचमध्ये त्यासाठी वेगळा शब्दच आहे, ‘शे’. डॉक्टरांकडे, न्हाव्याकडे, मामाकडे, सगळ्याला ‘शे’. मराठी ‘कडे’ची इतकी जवळची जोडी दुसरी सापडणार नाही, फक्त ‘शे’ला दिशेचा अर्थ नाही. इटालियनमध्ये ‘दा’ वापरतात आणि नवशिका गोंधळतो, कारण हाच ‘दा’ ‘कडून’ या अर्थानेही येतो. जाणं की येणं हे क्रियापदावरून ओळखायचं. जर्मनमध्ये ‘त्सुम आर्त्स्ट’, तिथे असाल तर ‘बाइम आर्त्स्ट’, तिथून आलात तर ‘फॉम आर्त्स्ट’. रशियनमध्ये ‘क व्राचू’, ‘उ व्राचा’, ‘अत व्राचा’. ही तिकडी एकत्रच पाठ करा. सुटी केली की ‘उ’ आणि ‘क’ची अदलाबदल होते. स्वाहिलीत गावाला काही लागत नाही, ‘निनाक्वेंदा नैरोबी’. शाळेला शेवटी ‘नी’ लागतो, ‘शुलेनी’. माणसाआधी मात्र ‘क्वा’ येतो, ‘क्वा दाक्तारी’.

जपानी आणि चिनी भाषा माणसाची आधी जागा करून घेतात. जपानीत ‘सेन्सेइ नि इकु’ म्हटलं तर चुकतं. ‘सेन्सेइ नो तोकोरो नि इकु’, म्हणजे सरांच्या ठिकाणी जातो. चिनीत माणसामागे ‘नार’ (तिथे) जोडतात. गावाला जाताना चिनी काहीच लावत नाही, हिंदीसारखं.

तमिळमध्ये ‘क्कु’ गावालाही आणि आईलाही लागतो, अगदी आपल्या ‘ला’सारखा: ‘चेन्नैक्कु’, ‘अम्मावुक्कु’. पण डॉक्टरांकडे जायचं तर ‘डॉक्टरिडम’. म्हणजे ‘ला’ आणि ‘कडे’ची वाटणी तिथेही आहे. मराठी माणसाला तमिळचा हा भाग हिंदी भाषकापेक्षा सोपा जातो, हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही. तुर्की मात्र या बाबतीत मोकळी. गाव, शाळा, डॉक्टर, आई, सगळ्यांना ‘ए’ किंवा ‘आ’. दिशा हवी असेल तर त्याच रूपापुढे ‘दोरू’, मर्यादा हवी असेल तर ‘कदार’.

कोरियनमध्ये अजून एक बारकावा. जागेला ‘ए’, माणसाला ‘एगे’ (बोलताना ‘हान्ते’), आणि आदरणीय माणसाला ‘क्के’. आपल्याकडे ‘आईला’ पण ‘बाबांना’ होतं तेव्हा आदर अनेकवचनातून येतो. कोरियनमध्ये तो प्रत्ययातच आहे.

पायरी ५: गावं आणि देश

इथे नियम कमी आणि पाठांतर जास्त, तेव्हा फार खोलात न जाता.

जर्मनमध्ये शहर आणि बिनआर्टिकलचा देश ‘नाख’. आर्टिकल असलेला देश ‘इन’ आणि द्वितीया, उदाहरणार्थ ‘इन दी श्वाइत्स’ म्हणजे स्वित्झर्लंडला. समुद्रावर ‘आन’, बाजारात आणि डोंगरावर ‘आउफ’. घरी जायला ‘नाख हाउजे’, घरी असायला ‘त्सू हाउजे’. हे दोन उलटसुलट होतात, आजच भिंतीवर लावा. फ्रेंचमध्ये शहराला ‘आ’, स्त्रीलिंगी देशाला ‘आँ’ (भारत आणि फ्रान्स यातले), पुल्लिंगी देशाला ‘ओ’ (जपान), अनेकवचनी देशालाही उच्चारी ‘ओ’, लिहिताना वेगळा (अमेरिका). पुल्लिंगी देश स्वराने सुरू होत असेल तर पुन्हा ‘आँ’, जसा इराण.

रशियनमध्ये ‘व’ आणि ‘ना’ची वाटणी आपल्या ‘त’ आणि ‘वर’सारखी दिसते, पण भरवसा ठेवू नका. शाळा आणि दवाखान्याला ‘व’, पोस्ट, कारखाना आणि रेल्वे स्टेशनला ‘ना’. आपणही स्टेशनवर जातो म्हणून ते एक बरोबर येतं. पोस्टात मात्र आपण आत जातो आणि रशियन वर. युक्रेनच्या आधी ‘व’ की ‘ना’ हा तर राजकीय वाद आहे. काम देणाऱ्याला विचारल्याशिवाय तो शब्द लिहू नये.

हंगेरियन बघण्यासारखी आहे. आत, वर, जवळ या तीन जागा आणि जाणं, असणं, येणं या तीन हालचाली, असे नऊ प्रत्यय. तुमच्या वहीतले तीन रकाने तिथे व्याकरणाच्या पुस्तकातच छापलेले मिळतात. माणसाला ‘जवळ’चा प्रत्यय. बुडापेस्टला ‘वर’चा, लंडनला ‘आत’चा, हंगेरीतल्या बहुतेक गावांवर जायचं आणि परदेशी शहरांत जायचं. पण डेब्रेत्सेन हंगेरीतलं असूनही ‘आत’च्या गटात आहे, त्यामुळे प्रत्येक गावाचं रूप शोधूनच लिहावं. फिनिशमध्येही हेल्सिंकीला ‘आत’चा प्रत्यय आणि टांपेरेला ‘वर’चा. का, असं विचारून वेळ घालवू नका. आपण ‘राजवाड्यावर’ पण ‘सराफ्यात’ का म्हणतो, याचंही उत्तर चटकन देता येत नाही.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांच्यासाठी एक. ‘ग्रामं गच्छति’ सगळ्यांना आठवतं, पण ‘ग्रामाय गच्छति’ही पाणिनीला मान्य आहे (अष्टाध्यायी २.३.१२), मात्र प्रत्यक्ष अंगाची हालचाल असली तरच. मनाने जाणं असेल तर फक्त द्वितीया, आणि जाण्याचं कर्म म्हणून खुद्द रस्ता आला तरीही फक्त द्वितीया. जाण्याच्या जागेला आणि देण्याच्या माणसाला एकच विभक्ती चालण्याचा प्रकार जुनाच आहे.

पायरी ६: क्रियापद बघा, ‘टू’ विसरा

‘लिसन टू’, ‘टॉक टू’, ‘मॅरीड टू’, ‘यूज्ड टू’. इथे दिशा नावाला आहे. मराठीत गाणं ऐकतो (काही नाही), त्याच्याशी बोलतो (‘शी’), तिच्याशी लग्न झालं (‘शी’), कशाची तरी सवय (‘ची’). पुढच्या भाषेतही क्रियापदाच्याच नोंदीत बघायचं. फ्रेंच आणि रशियनमध्ये गाणं ऐकायला मधला शब्द लागत नाही, मराठीसारखंच.

स्पॅनिशमध्ये एक गंमत आपल्या फायद्याची आहे. ‘घर बघतो’ला काही नाही, पण ‘मारियाला बघतो’ला ‘आ’. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा ‘आ’ महिनोन्महिने छळतो. मराठीत ‘घर बघतो’ आणि ‘मारियाला बघतो’ हा भेद जन्मापासून आहे. जिथे ‘ला’ येतो तिथे बहुतेकदा ‘आ’ लावून टाका.

पायरी ७: सुटा ‘टू’ आणि रिकाम्या जागा

ॲप किंवा वेबसाइटचं काम घेणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. यादीत नुसतं ‘टू’ असं एका शब्दाचं वाक्य आलं की भाषांतर करूच नका, आधी तो पडद्यावर कुठे दिसतो ते विचारा. ईमेलमध्ये असेल तर ‘प्रति’. तिकिटाच्या खिडकीत असेल तर ‘कुठे’, आणि ‘फ्रॉम’ला ‘कुठून’. वेळेच्या मधे असेल तर ‘ते’: ‘९ ते ५’. सामन्याच्या स्कोअरमध्ये असेल तर रेघ: ‘३-१’. रशियनमध्ये ईमेलला ‘कमू’ (कुणाला) आणि प्रवासाला ‘कुदा’ (कुठे) असे दोन वेगळे प्रश्नच लिहितात. जर्मनमध्ये ईमेलला ‘आन’, वेळेला ‘बिस’, स्कोअरला ‘त्सू’. ‘टेन टू फाइव्ह’ घड्याळात असेल तर मराठीत ‘पाचला दहा कमी’. फ्रेंच आणि स्पॅनिशही वजाच करतात, जर्मन ‘आधी’ म्हणते.

दुसरा सापळा रिकाम्या जागेचा. ‘गो टू ____’ असं वाक्य येतं आणि जागेत नाव आपोआप भरलं जातं. ‘____ला जा’ असं लिहिलंत तर चार नावं भरून बघा: देवास, महू, खंडवा, पुणे. ‘देवासला’, ‘महूला’ ठीक उतरतात. ‘खंडवाला’, ‘पुणेला’ उतरत नाहीत. तिथे ‘खंडव्याला’, ‘पुण्याला’ हवं. प्रत्ययाआधी सामान्यरूप होतं आणि ते यंत्राला येत नाही. तपासताना फक्त इंदूर, देवास घालून बघितलं तर चूक कधीच दिसणार नाही, कारण ही नावं प्रत्यय लागला तरी तशीच राहतात.

उपाय साधे आहेत. जागेसाठी ‘____ येथे जा’. माणसासाठी ‘____ यांना पाठवा’. ‘येथे’ आणि ‘यांना’ प्रत्ययाचा भार आपल्या अंगावर घेतात आणि नाव कोरं राहतं. बटणावर जागा कमी असेल तर ‘ठिकाण: ____’. तुर्कीत हीच अडचण स्वरांची: अंकारापुढे ‘या’, इज्मिरपुढे ‘ए’, इस्तंबूलपुढे ‘आ’. तिथेही नावाच्या मागेपुढे ‘शहर’सारखं एखादं सामान्यनाम घालून प्रत्यय त्यावर चढवायचा.

पायरी ८: तपासणी

पान भरून झालं की ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या माणसाला दाखवा. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका. भला माणूस असेल तर ‘हो, समजलं’ म्हणेल आणि चूक तिथेच राहील. दोन पर्याय पुढे ठेवा आणि यातलं तुम्ही कोणतं बोलता, एवढंच विचारा. नियमही विचारू नका. हंगेरियन माणूस ‘आत असण्या’च्या प्रत्ययातला शेवटचा ‘न’ बोलताना सर्रास खातो आणि लिहिताना मात्र तो न चुकता लिहितो, त्यामुळे ऐकून भरलेला रकाना लेखी मजकुराशी एकदा पडताळावा. जपानीतही दिशेचा प्रत्यय लिहिताना ‘हे’ या अक्षराने लिहितात आणि वाचताना ‘ए’ म्हणतात. पानावर दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर टाइप करताना ‘ए’चं अक्षर पडतं आणि ते चुकीचं असतं.